शम्सुर्रहमान फ़ारूक़ी: इंग्रजीचा चष्मा काढून मीर वाचणारा इंग्रजीचा एम. ए.

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

मीर तक़ी मीर हा अठराव्या शतकातला उर्दू कवी रडका आहे, असं माझं कित्येक वर्षं मत होतं. माझं म्हणजे ऐकीव. गझलेच्या कार्यक्रमात निवेदक हमखास सांगतो की ग़ालिब डोक्याचा आणि मीर काळजाचा. एकाला 'वाह' म्हणावं, दुसऱ्याला 'आह'. मी मान डोलवायचो आणि मध्यंतरात चहा घ्यायचो. मग एका पावसाळ्यात उर्दू समीक्षक शम्सुर्रहमान फ़ारूक़ी हाती लागले. कळलं ते असं, की ज्याला आपण रडका समजत होतो तो गृहस्थ चांगलाच थट्टेखोर आहे, शरीराबद्दल मोकळं बोलतो, आणि शब्दांशी खेळायची त्याला अजिबात लाज वाटत नाही.

फ़ारूक़ींवर इथे धागा दिसला नाही, म्हणून काढतोय. कुंडली आधी उरकतो. जन्म ३० सप्टेंबर १९३५, प्रतापगढ, घराणं आझमगढकडचं. १९५५ साली अलाहाबाद विद्यापीठातून इंग्रजीत एम. ए. थोडे दिवस बलिया आणि आझमगढच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवलं. १९५८ मध्ये टपाल खात्यात अधिकारी झाले ते १९९४ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच. म्हणजे शिक्षण इंग्रजीचं, पोट टपालावर आणि जीव उर्दूत. साहित्य अकादमी १९८६, सरस्वती सन्मान १९९६, पद्मश्री २००९. २५ डिसेंबर २०२० ला कोविडनंतरच्या दुखण्यात अलाहाबादेत गेले.

१९६६ मध्ये त्यांनी अलाहाबादहून 'शबख़ून' नावाचं मासिक सुरू केलं. शबख़ून म्हणजे रात्रीचा छापा. मासिकाला असं नाव द्यायला धमक लागते. आपण मासिकांना 'सुगंध' आणि 'सौरभ' लावणारी माणसं. हा छापा चाळीसेक वर्षं चालला. पत्नी जमिला शिक्षण क्षेत्रातल्या. मासिक तगवण्यात त्यांचा वाटा मोठा.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं टंकतोय.

१८५७ नंतर उर्दूतल्या शहाण्या माणसांना आपल्याच कवितेची लाज वाटू लागली. दिल्ली बेचिराख झालेली, जुनं जग डोळ्यांदेखत संपलेलं. मुहम्मद हुसैन आज़ाद या लेखकाच्या वडिलांना इंग्रजांनी मारलं, आणि त्याच आज़ादने १८७४ मध्ये लाहोरला इंग्रज अधिकाऱ्याच्या पाठिंब्याने नवे मुशायरे भरवले. तिथे गझल नाही, तर पाऊस, थंडी, देशप्रेम अशा 'नैसर्गिक' विषयांवर कविता म्हणायची. १८८० मध्ये त्याचं 'आब-ए-हयात' हे उर्दू कवितेच्या इतिहासाचं पुस्तक आलं, १८९३ मध्ये कवी-समीक्षक हालीचा 'मुक़द्दमा'. हालीने कवितेला तीन कसोट्या लावल्या: साधेपणा, खरेपणा, जोश. ही त्रयी मूळची मिल्टनच्या एका वाक्यातली, हात बदलत बदलत हालीपर्यंत आलेली. तिच्यावर घासली तर जुनी गझल खोटी, कृत्रिम आणि घिसीपिटी ठरते. ठरलीच. पुढची जवळजवळ शंभर वर्षं उर्दू मुलं शाळेत हेच शिकली.

गंमत बघा. हाली आणि आज़ाद दोघांचंही इंग्रजी जेमतेम. ज्यांना इंग्रजी कविता नीट वाचता येत नव्हती त्यांनी इंग्रजीचे नियम उर्दूवर लादले. आणि ते नियम उतरवले ते रिचर्ड्स, एम्पसन हे इंग्रज समीक्षक कोळून प्यालेल्या, अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र उर्दूत आणणाऱ्या माणसाने. त्याला इंग्रजीचा धाक नव्हता. घरातलं माणूस असल्यासारखा तो तिच्याशी वागत होता. घरच्या माणसाला आपण 'हे तुझं इथे लागू नाही' असं सांगू शकतो. पाहुण्याला सांगता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, की मीरच्या काळात चांगला शेर कशाला म्हणत होते? जुन्या तज़किऱ्यांत (कवींच्या परिचयग्रंथांत), दीवानांत (कवितासंग्रहांत), इथल्या फ़ारसी कवितेत विखुरलेले शब्द गोळा केले. मज़मून-आफ़रीनी, मानी-आफ़रीनी, ख़याल-बंदी, कैफ़ियत, शोर-अंगेज़ी. सगळे इथे सांगत बसत नाही, पण 'मज़मून', म्हणजे शेरातली मूळ कल्पना, सांगायलाच हवा. प्रेयसी म्हणजे शिकारी, हा एक मज़मून. तो मान्य केला की बाण आला, जाळं आलं, जखमी हरीण आलं, पिंजऱ्यातला पक्षी आला. मज़मून गावकीचा असतो, एकाच्या सातबाऱ्यावर नसतो. कवीचं कसब त्यात नवी घडी घालण्यात. तेव्हा 'मीरने हे खरंच भोगलं होतं का' हा प्रश्नच चुकीच्या दारावर उभा आहे. विटेवर उभा असलेला विठोबा तुकोबांनी पहिल्यांदा पाहिला का, असं कुणी विचारतं का?

हे सगळं त्यांनी चार खंडांत केलं: 'शेर-ए-शोर-अंगेज़', १९९० ते ९४. मीरचे सहा दीवान चाळून निवडलेल्या शेरांवर एकेक करून भाष्य. नाव मीरच्याच शेरातलं:

जहाँ से देखिए यक शेर-ए-शोर-अंगेज़ निकले है
क़यामत का सा हंगामा है हर जा मेरे दीवाँ में

(कुठूनही उघडा, खळबळ उडवणारा शेर निघतो, माझ्या दीवानात जागोजाग प्रलयाचा गोंधळ आहे.) हे रडक्या माणसाचं बोलणं वाटतं?

कुणी वाचलंय का? काय वाटलं?

वरणफळ

वाचतेय. आज़ादच्या वडिलांचा तपशील माहीत नव्हता, अंगावर काटा आला. पुढील लेखनास शुभेच्छा.

लाल_डबा

धागा उत्तम. आमच्या खात्याचा माणूस म्हणून विशेष अभिमान. मीही टपालात तीस वर्षं काढली. फ़ारूक़ीसाहेब चीफ पोस्टमास्टर जनरल झाले, पुढे टपाल बोर्डाचे सदस्य. त्या खुर्चीवरचा माणूस दिवसाला किती फायली उपसतो ते मला ठाऊक आहे. चौथा खंड १९९४ चा आणि निवृत्तीही १९९४ ची, म्हणजे मीरवरचं जवळजवळ सगळं काम चालू नोकरीत. मी निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी लावायला घेतली आणि दुसऱ्या अध्यायात अडकलोय.

अवांतर: पिनकोड बसवणारे श्री. भि. वेलणकर आठवले. तेही टपालातले मोठे अधिकारी आणि संस्कृतातले कवी, नाटककार. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. हे खातं माणसाला बहुधा वाचायला शिकवतं. दुसऱ्याची पत्रं नव्हे हो!

खडूस_मास्तर

लेख चांगला आहे, शीर्षक चुकलंय. चष्मा काढलेला नाही, नंबर बदललाय. एकेक शब्द पकडून त्याच्या पाच अर्थछटा काढायच्या, कवीचं चरित्र बाहेर ठेवायचं, कवितेला स्वतंत्र वस्तू म्हणून बघायचं, ही अलाहाबादच्या इंग्रजी वर्गातली शिस्त आहे. जुन्या तज़किऱ्यांत एकेका शेरावर असं तीन-तीन पानी भाष्य कुठे असतं? तिथे 'ख़ूब शेर है' म्हणून पुढे जातात. एम्पसन वाचल्याशिवाय फ़ारूक़ींना मीरमध्ये हे दिसलं नसतं. दिसलं ते खरं आहे, मान्य. पण 'आपलं आपण शोधलं' ही गोष्ट सांगायला जितकी गोड तितकी साधी नाही.

दुसरं. १९६० नंतर उर्दूत जदीदियत (आधुनिकतावाद) आणणाऱ्यांचे हे सेनापती. त्यांच्या छाप्याचं पहिलं लक्ष्य कोण होतं ते सांगा ना. प्रगतिशील लेखक. सरदार जाफ़री, कैफ़ी, साहिर, मजरूह ही मुंबईत राहिलेली, गिरणगावच्या सभांतून टाळ्या घेतलेली मंडळी. 'यांची कविता म्हणजे घोषणा' असं म्हणणं सोपं आहे. सरकारी बंगल्यातून तर फारच सोपं.

बोरूबहाद्दर

मास्तर, नंबर बदलण्याचं मान्य. शीर्षक आता बदलता येत नाही, नाहीतर तुमच्या नावाने बदललं असतं.

फक्त एक सांगतो. शिस्त इंग्रजी वर्गातली, पण मोजायचं काय हे तिथून आलेलं नाही. इंग्रजी पद्धतीने गझल वाचणारे आधीही होते, त्यांना तिच्यात 'एकसंधपणा नाही' एवढंच दिसायचं. प्रत्येक शेर सुटा, मग ही कविता कसली? फ़ारूक़ींनी तो प्रश्नच रद्द केला. फूटपट्टी इंग्रजीची आणि इंच उर्दूचे, असं म्हणू या का?

प्रगतिशीलांबद्दल तुमचा राग समजतो. जाफ़रींची दोन-चार पानं मलाही पाठ आहेत. पण फ़ारूक़ींची तक्रार कवीच्या राजकारणाबद्दल नव्हती, 'विषय चांगला म्हणजे कविता चांगली' या हिशेबाबद्दल होती. हा हिशेब हालीपासूनच सुरू होतो.

खडूस_मास्तर

फूटपट्टी-इंच चाललं. बाकी राग राखून ठेवतो.

औरंगपुरा

सगळे दिल्ली, लखनौ, अलाहाबाद करताय. आमच्याकडे कधी येणार?

औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर, नावावरून भांडायचं असेल तर दुसरा धागा काढा) हे उर्दू कवितेचं जुनं घर आहे. वली हा कवी इथलाच मानतात, सिराज तर आहेच. त्यांच्याही मागे बीजापूर आणि गोवळकोंड्याची दख़नी. आणि फ़ारूक़ींचं मला सर्वांत आवडलेलं काम मीरवरचं नाहीच. २००१ मध्ये ऑक्सफर्डने काढलेलं त्यांचं उर्दूच्या आरंभकाळावरचं इंग्रजी पुस्तक आहे. तोच विषय त्यांनी उर्दूतही लिहिला. त्यातली मुख्य गोष्ट आपण शाळेत शिकलेल्या एका समजुतीला सुरुंग लावते.

समजूत अशी: उर्दू म्हणजे छावणी, म्हणून ही भाषा मोगलांच्या लष्करात, सैनिकांच्या सरमिसळीतून जन्मली. फ़ारूक़ी म्हणतात, थांबा. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत या भाषेला कुणी 'उर्दू' म्हणतच नव्हतं. तिची नावं हिंदी, हिंदवी, देहलवी, गुजरी, दख़नी, रेख़्ता. (हिंदवी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे वेगळंच उभं राहतं, तो भाग सोडा.) 'उर्दू-ए-मुअल्ला' म्हणजे शाहजहानाबाद शहर, बादशहाची राजधानी. त्या शहराची बोली ती 'ज़बान-ए-उर्दू-ए-मुअल्ला', आणि झिजत झिजत उरलं 'उर्दू'. भाषेचं नाव म्हणून हा शब्द आधी कुठे सापडतो तर मुसहफ़ी या कवीच्या एका शेरात. म्हणजे नाव छावणीवरून नाही, शहरावरून पडलं. जी भाषा आधी गुजरातेत आणि दख़नमध्ये साहित्यात मुरली, जिच्यात सूफ़ींनी लिहिलं, तिला लष्करी बाजारबुणग्यांची खिचडी ठरवणं ही नंतरची, आणि बरीचशी इंग्रजांच्या काळातली करामत.

वलीची गोष्टही तशीच. दिल्लीवाले सांगतात, हा दख़नचा गडी १७०० च्या सुमारास दिल्लीला आला, तिथल्या एका बुजुर्गाने सांगितलं 'फ़ारसीतले मज़मून उचल', आणि मग हा कवी झाला. फ़ारूक़ींनी ती कथा खोडून काढली. वली इथूनच तयार होऊन गेला होता. उलट १७२० च्या सुमारास त्याचा दीवान दिल्लीत पोचला तेव्हा दिल्लीवाल्यांचे डोळे उघडले की या भाषेत एवढी मोठी कविता होते. हे दिल्लीच्या पचनी कसं पडावं?

आणि मराठीकरांसाठी: दख़नीतला 'नको' आपला, आणि जोर द्यायचा 'च' सुद्धा आपला. 'वोच', 'ऐसाच'. उर्दूवाल्यांना मी नेहमी सांगतो, तुमच्या घराच्या जोत्यात आमचा एक दगड आहे.

वरणफळ

औरंगपुरा दादा, आमच्या शेजारच्या खाला 'अब्बीच आयी' म्हणायच्या, आम्ही हसायचो. आता कोण कुणाला हसायचं ते कळलं.

औरंगपुरा

ताई, 'अब्बीच' मधलाही 'च' आपलाच.

आणखी एक राहिलं. अंजुमन तरक़्क़ी-ए-उर्दू या उर्दूच्या प्रसारासाठीच्या संस्थेचं कार्यालय १९१३ पासून पंचवीसेक वर्षं औरंगाबादेत होतं. मौलवी अब्दुल हक़ इथे बसून दख़नी हस्तलिखितं गोळा करत. मराठीवरच्या फ़ारसी प्रभावावरही त्यांचं पुस्तक आहे. फ़ारूक़ींना जे उभं करता आलं त्याखाली या मंडळींनी उपसलेले कागद आहेत.

सिएटलकर

मला उर्दू लिपी येत नाही, त्यामुळे माझी ओळख कादंबरीतून. 'कई चाँद थे सर-ए-आसमाँ', उर्दूत २००६. लेखकाने स्वतःच इंग्रजीत केली आणि २०१३ मध्ये पेंग्विनने काढली. जवळपास हजार पानं. विमानात वाचायला घेतली आणि हात दुखले.

वज़ीर ख़ानम नावाच्या बाईची गोष्ट. खरी बाई, उर्दू कवी दाग़ देहलवीची आई. एका इंग्रजाबरोबर राहिली. तो मेल्यावर फ़िरोज़पूर झिरक्याचा नवाब शम्सुद्दीन. १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज रेसिडेंटचा खून झाला, त्यापायी नवाबाला दिल्लीत फाशी दिलं. दाग़ तेव्हा चार वर्षांचा. पुढे ती लाल किल्ल्यात, बादशहा बहादूरशाह ज़फ़रच्या मुलाची बेगम. १८५६ मध्ये तोही मरतो, आणि कादंबरी तिथे थांबते. पुढच्या वर्षी काय होणार ते वाचणाऱ्याला माहीत, तिला नाही. मी शेवटचं पान तीनदा वाचलं.

तक्रार एकच. इंग्रजी फार जुनाट आहे. दागिने, कपडे, कापडाचे प्रकार पानंच्या पानं. आमच्या वाचन गटातल्या अर्ध्या लोकांनी दोनशेव्या पानावर सोडली.

बोरूबहाद्दर

सिएटलकर, तो जुनाटपणा मुद्दाम आहे. उर्दूत लिहिताना त्या काळी नसलेले शब्द टाळायचे हा त्यांचा हट्ट, आणि इंग्रजीतही त्यांनी एकोणिसाव्या शतकाचीच चाल धरली. दागिन्यांची यादी आपल्याला पसारा वाटते, कारण आपण 'गोष्ट पुढे सरकली पाहिजे' या शिकवणीत वाढलोय. दास्तान, म्हणजे तोंडी रंगवून सांगायची लांबलचक गोष्ट, ऐकणाऱ्याला यादी हीच मेजवानी. कीर्तनात बुवा पंगतीचं वर्णन करायला लागले की 'पुढे काय झालं' असं कुणी ओरडतं का? लोक पदार्थ मोजत बसतात.

दास्तानचा विषय निघालाच आहे तर: लखनौच्या नवल किशोर छापखान्याने काढलेली दास्तान-ए-अमीर हमज़ा ४६ खंडांची आहे. फ़ारूक़ींनी ती अख्खी जमवली, वाचली आणि तिच्यावर अनेक खंड लिहिले. तिथेही तेच भांडण. दास्तान म्हणजे कादंबरीची मागास आजी, असं समजून तिच्यात पात्रांचा मानसिक विकास शोधायचा नाही; ती सांगायची गोष्ट आहे, तिचे नियम ऐकणाऱ्याच्या कानाचे. पुतणे महमूद फ़ारूक़ी यांनी २००५ मध्ये दिल्लीत दास्तानगोई (दास्तान सांगायची कला) पुन्हा मंचावर आणली ती काकांनी मागे लागल्यामुळे.

आणि हो, कथा लिहायला लागले तेव्हा त्यांनी त्या स्वतःच्याच मासिकात टोपणनावाने छापल्या. ग़ालिबवरची पहिली कथा 'बेनी माधो रुसवा' या नावाने. समीक्षकाने कथा लिहिली की लोक दात विचकतात. आधी कथा वाचा, मग नाव कळेल, असा हिशेब असावा.

लाल_डबा

टपालवाल्याने खोट्या नावाने पाकीट टाकलं म्हणा की!

पंतांचीआर्या

उशिरा आले. पहिल्या लेखातला हालीचा भाग वाचून मला एकच नाव आठवत राहिलं: मोरोपंत.

'सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची', असं जुने लोक म्हणायचे. चौघं एका पंगतीत. मग नवी समीक्षा आली आणि पंतांचं पान उचललं गेलं. काय तर कृत्रिम, यमकांची कसरत, भावना कुठे आहे? ही 'भावना कुठे' वाली तक्रार शब्दशः हालीची आहे. मी एम. ए. ला होते तेव्हा केकावली 'परीक्षेपुरती' शिकवली, तीही शिकवणाऱ्याने क्षमा मागत मागत. कॉलेजचं नाव सांगत नाही.

मराठीत गझल आणणारे माधव जूलियन फ़ारसीचे प्राध्यापक, फ़ारसी-मराठी कोश त्यांचा, छंदांवर अफाट काम. सेतुमाधवराव पगडींनी ग़ालिब मराठीत आणला. म्हणजे दोन्ही घरं माहीत असलेली माणसं आपल्याकडे होती. पण पंतांची आर्या तिच्या काळच्या कानाने ऐकून तिचं कसब कुणी चार खंडांत दाखवलेलं मला माहीत नाही. मला यमक आवडतं, ते आवडायला परवानगी हवी आहे, एवढंच म्हणणं.

खडूस_मास्तर

परवानगी दिली. पण ताई, मीरशी पंतांची बरोबरी? मीर बाजारात म्हटला जायचा.

पंतांचीआर्या

मास्तर, आणि पंतांच्या आर्या बायका पाठ म्हणायच्या. माझ्या पणजीला लिहिता येत नव्हतं, आर्या येत होत्या.

नवशिक्या_०९

एक बाळबोध प्रश्न. हे 'एका शब्दाचे पाच अर्थ' प्रकरण नक्की कसं चालतं? कुणी एक शेर घेऊन दाखवेल का? आणि नावातले नुक़्ते लावणं बंधनकारक आहे का? मराठीत 'फारुकी' चालत नाही का?

बोरूबहाद्दर

'फारुकी' खुशाल लिहा. मी नुक़्ते लावतो ती हौस. (ही नुक़्ताचीनी आवरली पाहिजे. चुकलो: ठिपक्याचा नुक़्ता वेगळा, तो क़ाफ़वाला, नुक्ताचीनीतला नुक्ता काफ़वाला, म्हणजे बारीक मुद्दा. हे मात्र आवरत नाही.)

शेर घेऊ. मीरचाच, सर्वांना माहीत असलेला:

नाज़ुकी उस के लब की क्या कहिए
पंखुड़ी इक गुलाब की सी है

पुढचं वाचन माझं आहे, फ़ारूक़ींच्या नावावर खपवत नाही. रीत मात्र त्यांची. ते एक जुना भेद सारखा वापरतात. ख़बरिया म्हणजे माहिती देणारं वाक्य, खरं किंवा खोटं ठरवता येणारं. इंशाइया म्हणजे प्रश्न, उद्गार, आज्ञा, इच्छा. ते खरंखोटं ठरत नाही, म्हणून त्यात अर्थाला जागा जास्त. आता 'क्या कहिए' बघा. प्रश्न आहे: काय म्हणावं बरं? उद्गार आहे: काय सांगू तुला! हतबलता आहे: सांगताच येत नाही. मराठीतलं 'काय सांगू' अगदी असंच वागतं, आवाज बदलला की अर्थ बदलला.

आता दुसरी ओळ. प्रश्न मानला तर ती उत्तर आहे: गुलाबाच्या पाकळीसारखी. हतबलता मानली तर ती हार आहे: सांगता येत नाही म्हणून शेवटी पाकळीवर भागवलं, जुनीच उपमा. उद्गार मानला तर दोन्ही ओळी सुट्या, मध्ये एक श्वास. मुशायऱ्यात पहिली ओळ दोन-तीनदा म्हणतात, ऐकणारा टांगलेला. प्रत्येक वेळी 'क्या कहिए' वेगळ्या सुरात म्हणून बघा. आणि 'इक': पूर्ण गुलाब नाही, एकच पाकळी. 'की सी' म्हणजे तशी नव्हे, तशीशी. इतका हलका हात. यात मीर रडतोय कुठे?

नवशिक्या_०९

बाप रे. हा मला गुळगुळीत वाटायचा. मराठीत करून बघितला, हसू नका:

ओठ तिचे कोवळे, काय सांगू
पाकळी जणू एक गुलाबाची

पंतांचीआर्या

'काय सांगू' ठेवलंत, शाब्बास. वृत्ताचं नंतर बघू.

खडूस_मास्तर

'तिचे' कुठून आणलंत? मूळात 'उस' आहे. बाई की पुरुष, मीर सांगत नाही.

औरंगपुरा

मास्तर बरोबर. अठराव्या शतकातल्या गझलेतल्या प्रेमाच्या संकेतांवर फ़ारूक़ींचा एक मोठा इंग्रजी निबंधच आहे. माशूक़, म्हणजे जिच्यावर प्रेम आहे ती व्यक्ती, मुद्दाम तसा ठेवलेला असतो, कधी स्त्री, कधी मुलगा, कधी देव, कधी काहीच ठरत नाही.

नवशिक्या_०९

पण मराठीत 'त्याचे' किंवा 'तिचे' यातलं एक निवडावंच लागतं ना? 'तुझे' केलं तर?

ओठ तुझे कोवळे, काय सांगू

बोरूबहाद्दर

'तुझे' ने लिंग गेलं, पण माणूस समोर येऊन बसला. मीरचा 'उस' तिथे नाहीये. जो नाही त्याच्याबद्दल हा दुसऱ्या कुणाला तरी सांगतोय.

वरणफळ

'त्या ओठांचं कोवळेपण काय सांगू'? 'त्या' म्हणजे ओठ. कुणाचे ते विचारू नका.

खडूस_मास्तर

हं. हे बरं आहे. पण आता 'लब' एकवचनी होता तो गेला.